धोंडूला कोणी वजन विचारत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२९ जूनच्या संत पेत्र व संत पौल यांच्या सणानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत पेत्र (येशूचा शिष्य, पोप ज्याचे वारस असल्याचे कॅथलिक मानतात) आणि पोपपद यांवर अर्धे पान लेख आला. लेखकाचा सूर भांडखोर नाही, माहितीही बरीचशी खरी आहे. पण सगळा लेख ज्या एका मुद्द्यावर उभा आहे तो असा, की मूळ ग्रीकमध्ये ‘पेत्रॉस’ म्हणजे लहानसा खडा आणि ‘पेत्रा’ म्हणजे अखंड कातळ. तेव्हा येशूने आपली मंडळी, म्हणजे चर्च, पेत्रावर रचलेली नाही, हे भाषेनेच सिद्ध झाले. यातले ‘सिद्ध झाले’ मला खटकले. ‘लहानसा खडा’ तर सरळ चूक आहे.

आधीच सांगतो, मी प्रॉटेस्टंट. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये पाळक म्हणून आयुष्य गेले, आता निवृत्त आहे. पोपांचा अधिकार मी मानत नाही आणि या वयात मानू लागेन असेही वाटत नाही. म्हणजे लेख माझ्याच बाजूचा. हा खडा-कातळाचा मुद्दा आमच्या शब्बाथ शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला आहे आणि हल्ली तो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मूळ ग्रीक’ या शिक्क्यानिशी फिरतो. पण बाजू आपली म्हणून कच्चा पुरावा पक्का होत नाही.

ज्यांना संदर्भ ठाऊक नाही त्यांच्यासाठी प्रसंग सांगतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १६वा अध्याय. येशू शिष्यांना घेऊन फिलिप्पाच्या कैसरियाच्या भागात आला आहे. मी कोण आहे असे तुम्ही म्हणता, असे तो विचारतो. शिमोन नावाचा कोळी पुढे होऊन म्हणतो, तू ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र. त्यावर येशूचे उत्तर १८व्या ओवीत येते. ग्रीक शब्द देवनागरीत लिहायचे तर, ‘सू एइ पेत्रॉस, काय एपी ताउते ते पेत्रा’... तू पेत्र आहेस, आणि या खडकावर मी आपली मंडळी रचीन. एवढ्याशा वाक्यावर गेली दीड हजार वर्षे वाद चालू आहे आणि रोमच्या संत पेत्र महामंदिराच्या घुमटाखाली हेच वाक्य लॅटिनमध्ये भल्या मोठ्या अक्षरांत गोलाकार लिहिलेले आहे.

आता खड्याचे पाहू. ‘पेत्रॉस’ हा शब्द जुन्या ग्रीक काव्यात येतो. होमरच्या इलियडमध्ये, सातव्या सर्गात, हेक्टर आणि अजॅक्स यांचे द्वंद्व आहे. भाले संपतात तेव्हा दोघे दगडांवर येतात. अजॅक्स जो दगड गरगर फिरवून फेकतो त्याला कवी ‘पेत्रॉस’ म्हणतो आणि त्याचे विशेषण देतो ‘जात्यासारखा’. त्या दगडाने हेक्टरची ढाल आत दबून फुटते. असा खडा कोणी खिशात घालून दाखवावा! याच काव्यात पात्रोक्लस मुठीत मावेल असा दगड उचलतो, त्यालाही ‘पेत्रॉस’च म्हटले आहे. म्हणजे सुटा, उचलून फेकता येणारा दगड, मग तो मुठीएवढा असो की जात्याएवढा. सुटा दगड आणि जमिनीतला खडक असा फरक जुन्या काव्यात दिसतो, हे मान्य. पण तो लहान-मोठ्याचा फरक नाही, आणि येशूच्या काळापर्यंत बोली ग्रीकमध्ये तोही फारसा उरला नव्हता. त्या काळी सुट्या दगडासाठी रोजचा शब्द होता ‘लिथॉस’. नव्या करारात ‘पेत्रॉस’ हा सामान्य दगड या अर्थाने एकदाही येत नाही. जिथे येतो तिथे ते त्या माणसाचे नाव असते.

खरोखरच्या खड्याला ग्रीकमध्ये शब्द नव्हता असेही नाही. तो आहे ‘प्सेफॉस’. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात जय मिळवणाऱ्याला जो पांढरा खडा मिळणार आहे, ज्यावर नवे नाव लिहिलेले असेल, तो प्सेफॉस. ग्रीक लोक खडे टाकून मत देत, म्हणून मतालाही हाच शब्द. प्रेषितांच्या कृत्यांत पौल सांगतो, की ख्रिस्ती लोकांना मारायचे ठरे तेव्हा मी माझा प्सेफॉस त्यांच्याविरुद्ध टाकला. निवडणुकीच्या रात्री आपल्या वाहिन्यांवर जे ‘सेफॉलॉजिस्ट’ बसतात ते याच खड्याचे वारस. येशूला किंवा मत्तयाला शिमोनाला खडा म्हणून हिणवायचे असते तर शब्द हाताशी होता.

माझे वडील गवंडी होते. काळ्या दगडाचे काम करायचे, घडीव चिरेबंदीही आणि साध्या डबराच्या भिंतीही. त्यांच्या बोलण्यात दगड आणि खडक या दोन निराळ्या वस्तू होत्या. दगड गाडीत भरून आणायचा, टाकीने घडवायचा, भिंतीत बसवायचा. खडक आणत नाहीत, तो ‘लागतो’. पाया खणताना ते वरून ओरडून विचारायचे, ‘लागला का रे खडक?’ आणि खालून पहारीचा आवाज बदलला की कोणी उत्तर द्यायची गरज उरायची नाही. ग्रीकमधला खरा आणि जिवंत फरक हा होता, लिथॉस आणि पेत्रा यांच्यामधला. व्यभिचारी स्त्रीवर उगारलेले ते लिथॉस. सैतान ज्यांच्या भाकरी करून दाखव म्हणतो तेही लिथॉस. बांधणाऱ्यांनी नापसंत केला तो कोपऱ्याचा दगड, लिथॉसच. आणि लूक सांगतो की शहाण्या माणसाने घर बांधताना खोल खणले व पाया पेत्रावर घातला. वडिलांना या दाखल्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नव्हता.

पण पेत्रा म्हणजे दर वेळी काही भव्य आणि शुभ, असेही नाही. पेरणाऱ्याच्या दाखल्यात लूक लिहितो, काही बी पेत्रावर पडले, उगवले आणि ओलावा नसल्यामुळे वाळून गेले. आमच्या पठारावरच्या शेतकऱ्याला विचारा, वीतभर मातीखाली खडक लागला की त्याच्या तोंडून कोणते शब्द निघतात. रोमकरांस पत्रात आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात यशयाचा आधार घेऊन ‘अडखळणाचा खडक’ म्हटले आहे, तिथेही पेत्रा आहे. पेत्राच्या पत्रातल्या त्या ओवीत तर लिथॉस आणि पेत्रा जोडीने, एकाच ख्रिस्तासाठी, येतात. जिथे नेमका भेद करायचा मोका होता तिथेही पत्रलेखकाने तो केलेला नाही.

मग एकाच वाक्यात पेत्रॉस आणि पेत्रा अशी दोन रूपे का? याचे उत्तर व्याकरणात आहे आणि मराठी माणसाला ते कळायला ग्रीक शिकावे लागत नाही. पेत्रा हा शब्द स्त्रीलिंगी. दाढीवाल्या कोळ्याला स्त्रीलिंगी नाव कसे देणार? शेवट बदलून पुल्लिंगी केला, पेत्रॉस झाले. आपल्याकडे धोंड्यावरून धोंडू, धोंडिबा, धोंडोपंत झाले. दगडावरून दगडू झाला. पोरे जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून पुढच्या पोराचे नाव असे ठेवायची रीत होती. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो, सत्तावनच्या नानासाहेब पेशव्यांचे धोंडोपंत. आजवर कोणी भाषापंडिताने असे म्हटल्याचे ऐकिवात नाही, की ‘धोंडा’ मोठा आणि ‘धोंडू’ त्याहून लहान, सबब कर्व्यांच्या आईवडिलांना पोराचा कमीपणा दाखवायचा होता. आणि शिळेवरून एखाद्या पुरुषाला नाव द्यायची वेळ आलीच तर आपणही त्याला शिळा म्हणणार नाही, शिळोबा नाहीतर शिळोजी करू.

शिवाय येशू शिमोनाशी बोलला तो ग्रीकमध्ये नव्हे, अरामीत. हा नुसता तर्क नाही. योहानाच्या पहिल्या अध्यायात येशू शिमोनाला पहिल्यांदा भेटतो तेव्हा म्हणतो, तुला केफा म्हणतील. आणि योहान लगेच खुलासा करतो की याचा अर्थ पेत्रॉस. पौल तर गलतीकरांस आणि करिंथकरांस लिहिताना बहुतेक ठिकाणी त्याला केफाच म्हणतो. म्हणजे मूळ नाव केफा, आणि केफात पुल्लिंगी-स्त्रीलिंगी अशा दोन रूपांची भानगड नाही. केफा म्हणजे काय आकाराचा दगड? मृत समुद्राजवळ कुम्रानच्या ११व्या गुहेत १९५६ साली ईयोबाच्या पुस्तकाचे अरामी भाषांतर सापडले. त्यात ३९व्या अध्यायात जिथे रानबकऱ्या राहतात आणि गरुड घरटे करतो त्या कड्याला केफा म्हटले आहे. गरुड खड्यावर घरटे करीत नाही. पुढे अरामीच्याच घराण्यातल्या सुरियानी भाषेत बायबल गेले, जे केरळातल्या जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांनी शतकानुशतके वापरले, त्यात मत्तयाच्या या वाक्यात दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे.

यावर लेखकासारखे लोक म्हणतील, आमच्या हाती आहे तो शब्द ग्रीक, अरामी कशाला काढता? ठीक, ग्रीकच घेऊ. त्या वाक्यात एक बारीकसा शब्द आहे, ‘काय’, म्हणजे ‘आणि’. तू पेत्र आहेस आणि या खडकावर. खडा-कातळाचा अर्थ लावायचा तर तिथे ‘पण’ हवे होते: तू नुसता खडा आहेस, पण मी रचणार ते या कातळावर. मत्तयाने ‘पण’ लिहिलेले नाही. शिवाय आधीच्या दोन ओळी वाचाव्यात. शिमोन म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. येशू म्हणतो, मीही तुला सांगतो, तू पेत्र आहेस. तू धन्य आहेस असे म्हणून सुरू केलेले हे बोलणे तिसऱ्याच वाक्यात टोमणा कसे होईल?

एक गोष्ट मात्र मी लेखकाच्या बाजूने मोकळेपणाने मांडतो, कारण ती त्यांनी मांडायला हवी होती. मत्तयाने ‘तुझ्यावर’ असे लिहिलेले नाही, ‘या खडकावर’ लिहिले आहे. म्हणून ‘हा खडक’ कोणता, हा प्रश्न फार जुन्या काळापासून विचारला जात आला. चौथ्या शतकातला योहान क्रिसोस्तम, ज्याची मातृभाषाच ग्रीक, आपल्या प्रवचनात म्हणतो की हा खडक म्हणजे पेत्राने कबूल केलेला विश्वास. त्यासाठी त्याला दगडाचे माप काढावे लागले नाही. ऑगस्टिनने सुरुवातीच्या काळात खडक म्हणजे पेत्र असे लिहिले होते, पुढे खडक म्हणजे ख्रिस्त असे तो सांगू लागला. सन ४२७च्या सुमारास, म्हातारपणी, आपलीच जुनी पुस्तके तपासायला बसला तेव्हा त्याने दोन्ही मते नोंदवली आणि वाचकाने यातले जास्त संभवनीय वाटेल ते निवडावे असे म्हणून मोकळा झाला. एवढा मोठा बिशप, आणि पुरवणीच्या लेखकापेक्षा कमी खात्रीने बोलतो.

माझे मत विचाराल तर, या वाक्यातला खडक म्हणजे पेत्रच. पण नुसता शिमोन नावाचा इसम नव्हे, तर नुकतीच ती कबुली देऊन उभा असलेला. हे मी रोमला शरण जाऊन म्हणत नाही. ऑस्कर कुलमान हा विसाव्या शतकातला लूथरपंथी अभ्यासक; १९५२ साली त्याने पेत्रावर ग्रंथ लिहिला, त्यात खडक म्हणजे पेत्र हे मान्य केले आणि त्याच बैठकीत हेही बजावले, की पाया एकदाच घातला जातो, त्यामुळे हे पद पुढे कोणाला वारसाने जात नाही. जुन्या करारातही माणसाला खडक म्हटल्याचे उदाहरण आहे. यशया ५१ मध्ये लोकांना सांगितले आहे, ज्या खडकातून तुम्हाला खोदून काढले त्याकडे पाहा, तुमचा बाप अब्राहाम याकडे पाहा. त्या ओवीच्या जुन्या ग्रीक भाषांतरात शब्द आहे पेत्रा. अब्राहाम खडक झाला म्हणून देवाचे काही उणे झाले नाही.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. आमचे जावई वसईचे, कॅथलिक. त्यांच्या गावात अजून पेद्रू नावाची माणसे आहेत. वसईत १५३४ ते १७३९ पोर्तुगीज होते आणि पोर्तुगीजमध्ये दगड म्हणजे पेद्रा, नाव पेद्रो. त्यामुळे येशूची ती कोटी त्यांच्या बोलीत आपोआप जिवंत राहिली. आपल्या मराठी बायबलात पेत्र आणि खडक असे एकमेकांना अनोळखी दोन शब्द शेजारी येतात आणि कोटी विरून जाते. जावयांनी लेखाचे कात्रण मला पाठवले, खाली लिहिले होते, ‘पप्पा, हे तुमचेच लोक ना?’ मी माझे वरचे मत कळवले तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की मला लगेच ब्रेक लावावा लागला.

कारण खडक म्हणजे पेत्र, एवढे मान्य केल्याने पोपपद येत नाही. १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपांच्या सर्वोच्च अधिकाराचा जो ठराव केला त्यात या ओवीचा आधार घेतला आहे. पण ओवीत रोमचे नाव नाही, वारसाचा उल्लेख नाही, अचुकतेबद्दल अक्षर नाही. बांधण्या-सोडण्याचा जो अधिकार पेत्राला १६व्या अध्यायात दिला तोच १८व्या अध्यायात सगळ्या शिष्यांना दिला आहे. पौल अंत्युखियात केफाला सर्वांदेखत तोंडावर चूक म्हणाला, हे त्याने स्वतःच गलतीकरांस पत्रात लिहून ठेवले आहे. आणि पेत्राच्या नावाने असलेल्या पत्रात लेखक स्वतःला ‘सोबतीचा वडील’ म्हणवतो, ख्रिस्ताला जिवंत दगड म्हणतो आणि वाचणाऱ्या सगळ्यांनाही जिवंत दगड म्हणतो. स्वतःसाठी त्याने वेगळा खडक राखून ठेवलेला नाही. पोपपदावर आक्षेप घ्यायचा तर असली भक्कम जागा मोकळी असताना आपले लेखक खडी फोडत का बसले, कळत नाही. जावई यावर गप्प बसलेले नाहीत. पुढच्याच ओवीत येशू पेत्राला स्वर्गाच्या राज्याच्या ज्या किल्ल्या, म्हणजे चाव्या, देऊ करतो त्यांचे काय, असे त्यांचे पुढचे पत्र आले आहे. किल्ल्यांचे मूळ यशयाच्या २२व्या अध्यायात, दावीदाच्या घराण्याच्या कारभाऱ्याकडे आहे आणि तो विषय या पत्रात मावणार नाही.

आणखी एक. लेखकाने जी गोष्ट अजिबात घेतली नाही ती माझ्या मते या अध्यायातली सगळ्यात विलक्षण आहे. १८व्या ओवीत खडक ठरलेला हाच माणूस २३व्या ओवीत काय ऐकतो? येशू आपल्या मरणाबद्दल सांगू लागतो, पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो, आणि येशू म्हणतो, सैताना, माझ्यामागे हो, तू मला अडखळण आहेस. ग्रीक शब्द ‘स्कांदालॉन’. वर ज्या ‘अडखळणाच्या खडका’चा उल्लेख केला त्यात हेच दोन शब्द एकत्र आहेत, पेत्रा आणि स्कांदालॉन. ज्यावर पाया घालायचा तोच पाच ओव्यांत ठेच लागण्याचा दगड झाला. मत्तयाने हे जवळजवळ का ठेवले असावे, यावर लेख झाला असता तर मी कात्रण जपून ठेवले असते.

‘मूळ ग्रीक’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले. छपाईचे काम त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी केले आणि ते पुस्तक रमाबाईंच्या मृत्यूनंतर, १९२४ साली पूर्ण बाहेर आले. त्या परंपरेच्या प्रांतात एखाद्या शब्दाचा अर्थ छापण्याआधी निदान एक कोश उघडून पाहावा, एवढी अपेक्षा संपादकांकडून ठेवली तर ती जास्त नसावी.

शेवटी तक्रार छायाचित्राची. लेखासोबत आपण लाल वालुकाश्मात कोरलेल्या भव्य दर्शनी भागाचे चित्र छापले आहे. ते जॉर्डनमधले पेत्रा शहर, नबाती लोकांचे. त्याच्या नावाचा अर्थ खडक हे खरे, पण आपल्या प्रसंगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. फिलिप्पाचे कैसरिया तिथून तीनशे किलोमीटरहून अधिक उत्तरेला, हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी, आजच्या बानियासला आहे. तिथे चुनखडीचा उंच कडा आहे, पान नावाच्या ग्रीक देवाची गुहा आहे, कड्यात मूर्तींसाठी कोरलेले कोनाडे आहेत आणि यार्देन (जॉर्डन) नदीचा एक झरा तिथे उगम पावतो. गाईड यात्रेकरूंना सांगतात की येशूने त्या कड्याकडे बोट दाखवून हे वाक्य उच्चारले आणि त्याच ओवीत पुढे येणारी अधोलोकाची द्वारे म्हणजे ती गुहा. मत्तयाने यातले काही लिहिलेले नाही, ‘त्या भागात’ एवढेच लिहिले आहे. तरी चित्र छापायचेच असेल तर ते बानियासचे छापावे.

आपला,
एक निवृत्त पाळक
ता. राहुरी, जि. अहिल्यानगर